रस्त्याचं गणित मांडणारा ग्रीनशील्ड्स

मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघे कॉलेजजवळच्या चौकात उभे राहून गाड्या मोजत होतो. संध्याकाळी सहा ते सातचा आकडा दुपारपेक्षाही कमी आला. मी रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहून टाकलं की सहानंतर चौकात रहदारी कमी असते. सरांनी कागद परत केला आणि एवढंच विचारलं, की त्या तासात गाड्या पळत होत्या की उभ्या होत्या? मी गप्प! चौक तर पार तुंबलेला होता. सर म्हणाले, आधी ग्रीनशील्ड्स वाचून ये.

तोपर्यंत ग्रीनशील्ड्स म्हणजे माझ्यासाठी व्हायव्हात विचारली जाणारी एक सरळ रेषा होती. त्यामागे एक माणूस आहे हे डोक्यातही आलं नव्हतं.

ब्रूस ग्रीनशील्ड्स यांचा जन्म १८९३ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विनफील्डचा. त्यांच्या लहानपणी रस्त्यावर घोडागाड्या होत्या. ते चाळिशीला पोचले तोवर मोटारींनी रस्ते भरून गेले होते. रस्ते बांधणारे इंजिनियर पुष्कळ होते, पण भरलेल्या रस्त्यावर नेमकं काय घडतं हे मोजायचं कसं, हा प्रश्न होता.

ग्रीनशील्ड्स यांनी साधा मूव्ही कॅमेरा घेतला आणि ओहायोतल्या रस्त्यांच्या कडेला लावला. ठराविक अंतराने एकेक फोटो. दोन फोटोंमध्ये गाडी किती सरकली त्यावरून वेग कळतो, आणि फोटोत किती गाड्या दिसतात त्यावरून गर्दी, म्हणजे घनता. १९३४ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांना पीएच.डी. मिळाली आणि त्याच सुमारास त्यांनी आपला निष्कर्ष मांडला : घनता वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो.

यात एवढं काय? एक उदाहरण बघा. समजा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६० किमी आहे आणि किलोमीटरमध्ये १२० गाड्या झाल्या की सगळं ठप्प. किलोमीटरला २० गाड्या असतील तर वेग ५०, म्हणजे तासाला १००० गाड्या जातात. आता १०० गाड्या कोंबल्या तर वेग १०, म्हणजे तासाला पुन्हा १०००च! एकदा रस्ता मोकळा, एकदा गच्च, आणि आकडा तोच. माझा रिपोर्ट इथेच आपटला होता.

गंमत म्हणजे त्यांच्या त्या प्रसिद्ध रेषेखाली फक्त सात बिंदू होते, आणि त्यातला एक तर दुसऱ्याच रस्त्यावरचा. पुढच्या संशोधकांनी त्यावर टीका केली, रेषेऐवजी वक्र सुचवले. पण वेग, घनता आणि प्रवाह एकत्र बघायचे, ही वाट त्यांनीच घालून दिली.

ते स्वतःही रेषेपाशी थांबले नाहीत. १९४७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर शहरातल्या चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये हायवे ट्रॅफिकसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक सहलेखक म्हणून लिहिलं. नंतर सरासरी वेग, वेगातला बदल आणि तो किती वेळा होतो, हे जोडून प्रवाहाच्या दर्जाचा निर्देशांक मांडला. दोन रस्त्यांची तुलना करायची तर नुसत्या गाड्या मोजून भागत नाही, गाडी चालवणाऱ्याला किती वेळा ब्रेक मारावा लागला तेही बघावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९७९ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे लेनची शिस्त कमी आणि रिक्षा, टू-व्हीलर, बस, ट्रॅक्टर सगळे एकाच रस्त्यावर. म्हणून आपण प्रत्येक वाहनाचं पॅसेंजर कार युनिटमध्ये रूपांतर करतो. देशभरच्या रस्त्यांवर मोजण्या करून सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने इंडो-एचसीएम २०१७ हे मॅन्युअल तयार झालं. तरी मूळ प्रश्न तोच : किती गाड्या, किती वेगाने, किती जागेत?

आम्ही पुन्हा चौकात गेलो. यावेळी गच्चीवरून मोबाईलवर शूटिंग केलं, वेग काढला आणि रिपोर्ट नव्याने लिहिला. मित्रांनो, चुकीच्या मोजणीवर कुणी रस्ता बांधला तर तो तुंबलेल्यांच्या नाही, मोकळ्यांच्या कामी येतो. म्हणून आकडा लिहिण्याआधी एकदा मान वर करून रस्त्याकडे बघा!