चित्रपती व्ही. शांताराम

मराठी मातीत जन्मून ज्यांनी आपल्या कलेने भारताचे नाव साता समुद्रांपलीकडे नेले, त्यांत चित्रपती व्ही. शांताराम यांची गणना अवश्य करावी लागेल.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरास झाला. घरची स्थिती बेताची असल्याने शालेय शिक्षण लवकरच थांबले. आपल्या बेळगाववरून जो लोहमार्ग पुढे हुबळीस जातो, त्या हुबळीच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी कोवळ्या वयात काम केले. तेथील चित्रपटगृहात पडेल ते काम करीत असता पडद्यावरच्या हलत्या चित्रांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली ते ही विद्या शिकले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ ही संस्था स्थापिली. १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. ‘कुंकू’ या चित्रपटात त्यांनी जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मांडला. पण त्यातील वृद्ध पतीस केवळ खलपुरुष न ठरविता, त्यालाही आपला अन्याय उमगलेला दाखविला. ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तीत हिंदूची भूमिका मुसलमान नटास व मुसलमानाची हिंदू नटास दिली. माणूस बदलू शकतो, ही श्रद्धा त्यांच्या कथांच्या मुळाशी होती. १९४२ मध्ये त्यांनी मुंबईस ‘राजकमल’ची स्थापना केली, राजाराम व कमल या मातापित्यांच्या नावांवरून हे नाव ठेविले.

आमच्या हिंडलग्यात मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या भिंती आपण येता-जाता पाहतो, आणि आतील माणसांविषयी आपल्या मनात बहुधा भयच असते. म्हणूनच १९५७ चा हिंदी चित्रपट ‘दो आँखें बारह हाथ’ आपण विशेष लक्षपूर्वक पाहावा. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविली होती. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचिली. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा बंदिवानांना एक तुरुंगाधिकारी ओसाड माळावर नेतो. तेथे बेड्या नाहीत, कुंपण नाही. आहे तो केवळ विश्वास. त्या विश्वासाच्या बळावर ते बारा हात माळरान पिकवितात. तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका स्वतः शांतारामांनीच केली. बैलाशी झुंजीचे दृश्य घेताना त्यांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली. परंतु त्यांनी चित्रपट अर्धा सोडला नाही.

या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्यास रौप्य अस्वल लाभले आणि अमेरिकेतही गोल्डन ग्लोबच्या परीक्षकांनी त्याचा सन्मान केला. ज्यांना हिंदीचा एक शब्दही कळत नव्हता, त्यांनाही त्या सहा माणसांचे अंतःकरण कळले. कथेचे खरे सामर्थ्य ते हेच होय.

१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांस देण्यात आला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये राष्ट्राने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण अर्पण केले.

विद्यार्थी मित्रांनो, पदके कपाटात राहतात. परंतु चुकलेल्या माणसावरही विश्वास टाकून पाहावा, ही शांतारामांची शिकवण आपल्या वर्गात, घरात व गावात रोज आचरता येण्याजोगी आहे. ती आपण आचरावी, असे आम्हांस मनापासून वाटते.