नानी पालखीवाला

नानाभॉय अर्देशिर पालखीवाला ऊर्फ नानी पालखीवाला (१६ जानेवारी, इ.स. १९२० - ११ डिसेंबर, इ.स. २००२) हे भारतीय करकायदेतज्ज्ञ, घटनातज्ज्ञ व लेखक होते. प्राप्तिकर कायद्याचे भाष्यकार म्हणून त्यांनी नाव मिळवले. पुढे केशवानंद भारती खटल्यात केलेल्या युक्तिवादामुळे भारतीय संविधानाच्या इतिहासात त्यांचे स्थान कायम झाले.

जीवन

पालखीवालांचा जन्म मुंबईत एका मध्यमवर्गीय पारशी कुटुंबात झाला. पालख्या बनवण्याच्या पूर्वजांच्या व्यवसायावरून हे आडनाव पडले. बालपणी त्यांच्या बोलण्यात तोतरेपणा होता. त्यावर त्यांनी प्रयत्नपूर्वक मात केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इंग्रजी साहित्यात एम.ए. पदवी घेतली. मुंबई विद्यापीठातील अधिव्याख्यात्याच्या पदासाठी त्यांनी अर्ज केला होता, परंतु त्यांची निवड झाली नाही. त्यानंतर ते शासकीय विधि महाविद्यालयात दाखल झाले.

करकायद्यातील कारकीर्द

वकिलीच्या आरंभी पालखीवाला सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये रुजू झाले. कांगा हे मुंबईचे माजी महाधिवक्ता असून करविषयक खटल्यांतील अग्रगण्य वकील होते. त्या काळी इ.स. १९२२ चा प्राप्तिकर कायदा लागू होता. त्यात वारंवार दुरुस्त्या होत असत आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांच्या निर्णयांचा पसारा वाढत चालला होता. या सर्वांची सुसंगत मांडणी करणारा द लॉ अँड प्रॅक्टिस ऑफ इन्कम टॅक्स हा ग्रंथ इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथावर कांगा व पालखीवाला या दोघांची नावे असली, तरी लेखनाचा मुख्य भार पालखीवालांनी उचलला होता. इ.स. १९६१ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानंतरही त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

कराच्या खटल्यात एखादी रक्कम भांडवली आहे की महसुली, अशा प्रश्नांवर करदात्याचे दायित्व अवलंबून असते. मात्र त्यामागे एक मूलभूत तत्त्व असते. संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता वा वसूल करता येत नाही. शासनाची सत्ता कोठे सुरू होते व कोठे संपते, हे कायद्याच्या शब्दांवरून ठरवण्याची सवय पालखीवालांना याच क्षेत्रात लागली. त्यांच्या घटनाविषयक कार्याचाही तोच पाया ठरला.

अर्थसंकल्पावरील व्याख्याने

इ.स. १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलमधील एका लहान सभागृहात त्यांनी केंद्रीय अर्थसंकल्पाचे विश्लेषण केले. पुढे हे वार्षिक व्याख्यान इतके लोकप्रिय झाले की ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर आयोजित करावे लागले. इ.स. १९९४ पर्यंत ही परंपरा चालू होती. कराचे चढे दर आणि कायद्यात दरवर्षी होणारे बदल यांवर ते टीका करत. १९७० च्या दशकाच्या आरंभी प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. असे दर करचुकवेगिरीस उत्तेजन देतात, असे त्यांचे मत होते.

घटनाविषयक खटले

इ.स. १९७० मधील बँक राष्ट्रीयीकरण व संस्थानिकांचे तनखे या दोन्ही खटल्यांत पालखीवालांनी सरकारविरुद्ध यशस्वी बाजू मांडली. त्यामुळे धनिकांचे वकील अशी टीकाही त्यांच्यावर झाली. केशवानंद भारती खटल्याचा उगम केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांत होता. मात्र संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद आहे काय, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न बनला. १३ न्यायाधीशांच्या पीठापुढे ६८ दिवस सुनावणी चालली. केरळ राज्याची बाजू कांगा यांच्याच चेंबरमध्ये घडलेले होरमसजी सिरवई यांनी मांडली. २४ एप्रिल, इ.स. १९७३ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने निर्णय दिला. संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत संरचना बदलू शकत नाही, असे त्यात ठरले.

जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या निवडणूक खटल्यात पालखीवालांनी सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली होती. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी ते वकीलपत्र परत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केशवानंद निर्णयाच्या फेरविचारासाठी पुन्हा १३ न्यायाधीशांचे पीठ बसले. पालखीवालांनी फेरविचारास विरोध केला. दोन दिवसांच्या सुनावणीनंतर सरन्यायाधीश अजित नाथ राय यांनी ते पीठ विसर्जित केले. इ.स. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात पालखीवालांच्या युक्तिवादानंतर ४२ व्या घटनादुरुस्तीतील काही तरतुदी रद्द झाल्या आणि मूलभूत संरचनेचा सिद्धान्त अधिक दृढ झाला.

उत्तरायुष्य

इ.स. १९६८ मध्ये देऊ केलेले महान्यायवादीपद त्यांनी अखेर नाकारले. इ.स. १९७७ ते १९७९ या काळात ते अमेरिकेत भारताचे राजदूत होते. टाटा समूहातील कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही त्यांनी काम केले. वी, द पीपल (इ.स. १९८४) व वी, द नेशन (इ.स. १९९४) हे त्यांचे लेखसंग्रह प्रसिद्ध आहेत. इ.स. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण पुरस्कार देण्यात आला. मुंबई येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.