विश्लेषण : सलाइन किती द्यायचे, हे कसे ठरले? कॉलऱ्याचे मृत्यू निम्म्यावर आणणारे डॉ. रॉजर्स कोण होते?

पावसाळ्यात चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गॅस्ट्रो, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण वाढतात. अनेकांना सलाइन लागते. ते लावण्याआधी रुग्णाच्या शरीरात पाणी किती कमी आहे, हे पाहावे लागते. या मोजमापाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे सर लिओनार्ड रॉजर्स.

कलकत्त्यात काय पाहिले?
१८६८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जन्मलेले रॉजर्स १८९३ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. पुढे ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. तिथे कॉलऱ्याचे दहापैकी सुमारे सहा रुग्ण दगावत. जुलाब-उलट्यांतून पाणी आणि मीठ जाऊन रक्त घट्ट होई. शिरेतून मिठाचे पाणी देण्याचा प्रयोग स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ मध्येच केला होता, पण तो रुजला नव्हता.

तोडगा काय काढला?
रॉजर्स यांनी वेगवेगळ्या घनतेचे ग्लिसरीन-पाणी बाटल्यांत भरले. त्यात रुग्णाच्या रक्ताचा थेंब सोडला, की तो बुडतो की तरंगतो यावरून रक्त किती घट्ट झाले ते कळे. त्यानुसार ते नेहमीपेक्षा जास्त खारट सलाइन देत. १९०८ च्या सुमारास मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवर आले. मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू होत असल्याने पुढे त्यांनी सोडियम बायकार्बोनेटही दिले. मृत्यू आणखी घटले.

आज काय उरले?
कॉलऱ्यात आता इतके खारट सलाइन देत नाहीत; रिंगर्स लॅक्टेट वापरतात. मोजमाप मात्र कायम आहे. डेंग्यूत हिमॅटोक्रिट तपासून रक्ताचा घट्टपणाच पाहिला जातो.

परिचारिका काय तपासतात?
नाडी, रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण, सुईजवळची सूज आणि थेंबांचा वेग. २० थेंबांचा १ मिली धरल्यास १ लिटर सलाइन ८ तासांत देण्यासाठी मिनिटाला सुमारे ४२ थेंब लागतात. कमी दिले तर रक्तदाब कोसळतो, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. त्यामुळे नातेवाइकांनी थेंबांचा वेग स्वतः वाढवू नये. धाप, थंडी किंवा सूज दिसताच परिचारिकेला सांगावे.

कलकत्त्याचे स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन उभे करण्यातही रॉजर्स यांचा पुढाकार होता. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.