खेतवाडीचा पक्षीवेडा

गिरगावातली खेतवाडी म्हटलं की आपल्याला गणपती आठवतात. पण पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली याच खेतवाडीत वाढले, हे मला अगदी अलीकडे कळलं!

जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आई-वडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. दहा-बारा वर्षांचा असताना या पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? मामांनी त्याला थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. सचिव मिलर्ड यांनी तिथला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि आयुष्याची दिशाच ठरली.

मार्कांमागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक गोष्ट ऐकायलाच हवी. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांची सरकारी नोकरी हुकली. बर्लिनला शिकून आले, तर म्युझियममधली जागाच रद्द झालेली! मग १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणतो, मादीने पसंत केलं तरच पुढचं काम. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि घराघरात पोचलं.

पण ते नुसते पक्षी बघत बसले नाहीत. राजस्थानातलं भरतपूर हे तिथल्या महाराजांचं शिकारीचं रान. १९३८ मध्ये तिथे एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर तळं सुकवून शेती करायची मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली, तळं वाचलं. १९५६ मध्ये अभयारण्य झालं, पुढे राष्ट्रीय उद्यान.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. १९८२ मध्ये उद्यानात गुरं चारायला बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. चराई वाईटच, असं सलीम अलींसकट बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं. पण त्यांच्याच सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून उलटंच निघालं. म्हशी गेल्या, पाण्यात गवत माजलं, पक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडू लागलं! हा अभ्यास पूर्ण व्हायच्या आधीच, २० जून १९८७ रोजी, ते मुंबईत वारले.

सरकारी रान म्हणजे तुमचं-आमचं रान. ते राखायला कायदा हवाच, पण शेजारच्या गावाला विचारायलाही हवं. आणि आकडे आपल्या मताविरुद्ध गेले तरी मोजणं सोडायचं नाही. लॅबमध्ये रीडिंग ‘जुळवणाऱ्या’ आपल्या सगळ्यांना हे लागू आहे, नाही का?