एक्स्प्लेनर : नाना फडणवीसांचे आडनाव ‘फडणवीस’ नव्हतेच! महाडशी त्यांचा काय संबंध?

नाना फडणवीस सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. मग ‘फडणवीस’ आले कुठून? जाणून घेऊया.

हुद्द्याचे आडनाव कसे झाले?

भानू घराणे कोकणातल्या वेळासचे. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यात झाला. 1756 मध्ये वडील वारले आणि 14 वर्षांच्या मुलाकडे फडणिशी, म्हणजे सरकारी हिशेब व दफ्तराचे काम आले. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचेच मराठीत ‘नीस’ झाले. चिटणीस, पोतनीस, सबनीस, टिपणीस ही आडनावेही अशीच. ‘नाना’ हे तर घरगुती नाव. पेशव्यांचेही मूळ आडनाव भट होते.

युरोपातही असेच?

हो. इंग्रजी स्मिथ, जर्मन श्मिट आणि इटालियन फेरारी या तिन्हींचा उगम लोहारकामात आहे. स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी म्हणजे ‘स्टीवर्ड’. हा हुद्दा सांभाळणाऱ्या घराण्याचे आडनाव स्टीवर्ट झाले आणि 1371 मध्ये हेच घराणे गादीवर बसले. नाना मात्र कारभारीच राहिले.

महाडमध्ये काय घडले?

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव वारले. गादीच्या वादात नानांना पुणे सोडावे लागले. 1796 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी चिमाजी अप्पांना गादीवर बसवले, तेव्हा नाना रायगडाजवळच्या महाडला होते. हातात ना फड, ना दफ्तर. तरीही इथूनच त्यांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि निजाम यांना आपल्या बाजूला वळवले. इतिहासात हे ‘महाडचे कारस्थान’ म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी.

हे यश टिकले नाही. वर्षभरातच दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. 1798 मध्ये सुटका झाली. 13 मार्च 1800 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मुलगा नव्हता.

आज काय उरले?

पेशवाई 1818 मध्ये संपली, फडणिशीही गेली. आडनावे मात्र राहिली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांना साथ देणारे महाडचे सुरबानाना टिपणीस होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. महाड-पोलादपूरच्या सातबाऱ्यावरचे तुमचे आडनावही एखादा जुना हुद्दा सांगत असेल. घरातल्या जाणत्यांना एकदा विचारून बघा.