केडगावची माउली

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. आमच्या कासारसाईहून म्हणाल तर जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथं पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’ आजही उभं आहे. रमाबाई म्हटलं की आपल्याला संस्कृतच्या पंडिता आणि धर्मांतर, एवढंच आठवतं. (पुष्कळजणी तर त्यांची आणि रमाबाई रानड्यांची गल्लत करतात!) मला मात्र त्यांचं आयुष्य समजलं ते दुष्काळामुळं.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढं आईनं लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी पुराण सांगत फिरायचं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं आणि त्यात दुष्काळ पडला. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली. थोड्याच काळात मोठी बहीणही गेली. आईला न्यायला माणसं मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी, म्हणून तिरडीचा तो भाग त्यांनी डोक्यावर घेतला. वय वर्षं सोळा!

मग बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलमच्या काठी थंडीत वाळूत खड्डा करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपायचे. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय लग्न केलं, मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. चोविसावं वर्षही पुरं नव्हतं. एवढे उपासतापास, एवढी तीर्थं करूनही माणसं राहिली नाहीत. मन रितं झालं असेल तर नवल काय?

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यानं ते शिक्षण राहून गेलं. पण लंडनमध्ये त्यांनी एक घर पाहिलं. समाजानं वाया गेलेल्या ठरवलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. जिला सगळे टाळतात तिच्याशी येशू विहिरीवर बोलत बसतो, ती. त्या वर्षाच्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र तिथल्या धर्मगुरूंपुढंही त्यांनी मान तुकवली नाही, पटेना ते पटेना म्हणून वाद घातले. हे मला फार आवडतं.

मी वारकरी घरातली. धर्मांतराचा विषय निघाला की आमच्याकडं आवाज चढतात, तेव्हाही चढलेच. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं ‘शारदा सदन’ विधवा मुलींसाठी होतं. पुढं ते पुण्याला आलं. पण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. पालकांची काळजी मला अगदीच खोटी वाटत नाही. पण त्या मुलींना दुसरा आसरा द्यायला किती घरं पुढं आली, हेही विचारायला हवं ना?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं त्यांनी ऐकलं. ज्या भुकेनं आपलं घर संपवलं, तिच्या तोंडात ही बाई पुन्हा आपल्या पायानं गेली. रस्त्याकडेला पडलेल्या, हाडं निघालेल्या पोरी गोळा करून आणल्या. हाताशी पुरेसा पैसा नव्हता. देव देईल, या भरवशावरच सगळं! पुण्यात प्लेग, शहरात नवी माणसं येऊ देईनात, म्हणून केडगावला घेतलेल्या माळरानावर छपरं घातली. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात, हे वर्तमानपत्रात लिहून त्यांनी सरकारलाही सुनावलं. तीनेकशे पोरी होत्या, त्या १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या घरात गेल्या. नुसतं जेवण घालून भागणार नव्हतं. शेती, हातमाग, घाणा, शिवणकाम, छापखाना, जिला जे जमेल ते शिकवलं. मनोरमेनं अंध मुलींना वाचायला शिकवलं.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. जुन्या भाषांतरातलं जड मराठी साध्या बायकांना कळत नव्हतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला केडगावच्याच मुली होत्या. काम चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. बाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्या गेल्या.