रिचर्ड रेटी
रिचर्ड रेटी (२८ मे, १८८९ - ६ जून, १९२९) हे ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले व पुढे चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक झालेले बुद्धिबळपटू, लेखक आणि अंत्यडावांच्या कूटांचे रचनाकार होते. पटाच्या बगलेवरून डाव उभारण्याची एक पद्धत ‘रेटी ओपनिंग’ या नावाने ओळखली जाते.

त्यांचा जन्म आजच्या स्लोव्हाकियातील पेझिनोक येथे ज्यू कुटुंबात झाला. वडील लष्करी वैद्य होते. थोरले बंधू रुडॉल्फ संगीतकार झाले. रिचर्ड गणित शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले आणि बुद्धिबळातच रमले. १९२० साली त्यांनी गॉथेनबर्गची स्पर्धा जिंकली.

त्या काळी आरंभीच प्यादी पुढे सारून पटाचा मध्य व्यापणे हा जवळजवळ नियमच होता. रेटी व निम्झोविच यांनी तो नाकारला. मध्य प्रतिस्पर्ध्याला घेऊ द्यावा, बगलेच्या उंटांनी त्यावर दुरून दाब ठेवावा आणि मग त्याची फळी फोडावी, असे त्यांचे मत होते. भारतीयांना अशी मांडणी परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेनविरुद्ध अशीच उंटांची मांडणी करीत.

न्यू यॉर्क, १९२४

या मताची खरी कसोटी २२ मार्च, १९२४ रोजी लागली. समोर जगज्जेते कापाब्लांका होते. आठ वर्षांत ते एकही डाव हरले नव्हते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना रेटींनी प्रथम राजाकडील घोडा काढला, पाठोपाठ सी व बी पट्ट्यांतील प्यादी दोन-दोन घरे सरकवली आणि दोन्ही उंट बगलेस बसवले. मधले प्यादे चौथ्या ओळीत आले ते थेट सोळाव्या खेळीला. कापाब्लांकांच्या वजिराने सी४ वरील प्यादे टिपले खरे, पण मोबदल्यात डी पट्टी रेटींच्या हत्तींच्या ताब्यात गेली. एकतिसाव्या खेळीला हत्तीने वजिरावर मारा करताच कापाब्लांकांनी डाव सोडला. त्याच स्पर्धेत बोगोल्युबोव्हविरुद्धच्या डावासाठी रेटींना सर्वोत्कृष्ट डावाचे पहिले पारितोषिक मिळाले. मात्र पद्धत अभेद्य नव्हती: विजेत्या लास्कर यांनी काळ्या मोहऱ्यांनी तिचा पराभव केला व रेटी पाचवे आले.

१९२१ सालचे त्यांचे कूट आजही शिकवले जाते. त्यात पांढरा राजा एच८ वर व प्यादे सी६ वर, तर काळा राजा ए६ वर व प्यादे एच५ वर असते. काळे प्यादे गाठणे अशक्य वाटते. परंतु राजा कर्णरेषेने चालून एकाच वाटेने त्याचा पाठलाग करतो आणि स्वतःच्या प्याद्याकडेही सरकतो. डाव बरोबरीत सुटतो.

१९२५ साली साओ पाउलो येथे त्यांनी पट न पाहता एकाच वेळी २९ डाव खेळून विक्रम केला. प्राग येथे लोहितांग ज्वराने (स्कार्लेट फीव्हर) वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बुद्धिबळाच्या थोर खेळाडूंवरील त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर, १९३० साली प्रसिद्ध झाला.